वहिनींचं सोनं

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गावच्या मंगल कार्यालयात महिलांसाठी एक कार्यक्रम झाला. पुण्याहून एक व्याख्यात्या बाई आल्या होत्या. मनातली इच्छा प्रत्यक्षात कशी उतरवायची, हा विषय. बाई बोलायला छान होत्या. जे हवं ते कागदावर लिहा, त्याला मुदत घाला, आरशाला चिकटवा आणि रोज सकाळी ते मिळालंच आहे असं समजून त्याकडे बघा, असं त्यांनी सांगितलं. मग सगळ्यांना कोरे कागद वाटले. आमच्या बचत गटातल्या आम्ही बाराजणी मागच्या रांगेत एकमेकींच्या कागदात डोकावत होतो. एकीनं मुलाची नोकरी लिहिली, एकीनं सासूबाईंची गुडघेदुखी थांबू दे असं लिहिलं. माझ्या शेजारणीनं सरळ चार तोळ्यांच्या पाटल्या लिहून टाकल्या आणि मुदत घातली दिवाळीची. मी काय लिहिलं ते सांगत नाही, पण सोनं त्यातही होतं!

घरी येताना रिक्षात त्या पाटल्यांवरून खूप हसलो. मला मात्र साताऱ्याच्या एका बाईंची आठवण येत राहिली. त्यांच्याकडे सोनं होतं आणि ते मागायला कुणी आरसा लागला नव्हता. पण त्यांनी ते एकेक करून घालवलं, आणि घालवताना जे मनात धरलं होतं ते आज आपल्या सातारा-सांगलीत गावोगाव उभं आहे. त्यांचं नाव लक्ष्मीबाई भाऊराव पाटील. कर्मवीर अण्णांच्या पत्नी. बोर्डिंगातली मुलं त्यांना वहिनी म्हणायची.

मी बी.ए. केलं ते कराडच्या सद्गुरू गाडगे महाराज कॉलेजात. म्हणजे रयतचीच मी. फी भरल्याच्या पावतीवर वडाचं झाड असायचं. अण्णांचा लांब दाढीचा, खादीतला फोटो रोज बघायचो. जयंतीला भाषणं व्हायची, त्यात वहिनी यायच्या त्या एका वाक्यापुरत्या, मंगळसूत्राच्या. तेव्हा टाळ्या वाजवल्या. आता संसार करून पंचवीस वर्षं झाल्यावर ते वाक्य पुन्हा आठवतं तेव्हा पोटात काहीतरी हलतं.

अण्णांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, आजोळी कुंभोजला. मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं ऐतवडे बुद्रुक. घराणं जैन पाटलांचं. शिकायला कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहिले. तिथे असताना अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंगमधून काढलं. मग शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले. इंग्रजी सहावीपर्यंत कशीबशी मजल गेली, मॅट्रिक काही झाले नाहीत. ज्या माणसानं पुढे शेकडो शाळा काढल्या त्याची ही मार्कलिस्ट. मुलाला दहावीत कमी मार्क पडले म्हणून डोळ्याला पदर लावणाऱ्या आयांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पुढे साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं, त्यात खोटी साक्ष द्या म्हणून त्यांचा फार छळ झाला. दिली नाही. त्यातून सुटल्यावर कधी ओगल्यांच्या काचेच्या मालाचे, कधी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी हिंडले. नंतर साताऱ्याच्या कूपरच्या कारखान्यात होते, तिथेही शेवटी बिनसलं. तो नांगर विकत फिरण्याचा काळ मला महत्त्वाचा वाटतो. अण्णांनी शेतकऱ्याचं घर आतून बघितलं ते त्या काळात. घरात धान्य आहे, गोठ्यात बैल आहेत, पण कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचणारं माणूस घरात नाही.

आणि लक्ष्मीबाई? त्या कुंभोजच्याच. खात्यापित्या पाटलाच्या घरातली मुलगी, लहान वयात लग्न झालेली. माहेराहून अंगभर दागिने घेऊन आलेली. आपल्याकडे त्या काळच्या पाटलाच्या लेकीचं लग्न कसं असायचं ते म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलंय आपण. घर जैन, म्हणजे शिवाशिव, सोवळं-ओवळं, स्वयंपाकघरात कुणी यायचं आणि कुणी नाही याचे नियम पक्के. अशा घरातली बाई फिरत्या नोकरीच्या, फटकळ स्वभावाच्या, कुणापुढे मान न वाकवणाऱ्या माणसाबरोबर संसार करत होती. एवढ्यानंच एखादी थकली असती.

४ ऑक्टोबर १९१९ ला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कराडजवळच्या काले गावी अण्णांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्याआधी दुधगावला मुलांसाठी वसतिगृह काढण्यात त्यांचा हात होताच. १९२४ साली संस्थेचं मुख्य ठिकाण साताऱ्याला आलं आणि तिथे बोर्डिंग सुरू झालं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी, ज्याला शिकायचं आहे त्या कुठल्याही जातीचा मुलगा एका छपराखाली राहणार आणि एका पंगतीत जेवणार. आज वाचायला सोपं आहे. तेव्हा गावातल्या विहिरीवर जातीप्रमाणे वेळा आणि जागा ठरलेल्या होत्या. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजी साताऱ्याला आले, त्यांनी ही पंगत बघितली आणि त्यांच्याच हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

या सगळ्यात पंगत हा शब्द आला ना, तिथे जरा थांबते. पंगत बसते म्हणजे कुणीतरी चुलीपुढे बसलेलं असतं. अण्णा गावोगाव हिंडून मुलं गोळा करायचे. हुशार पण गरीब मुलगा दिसला की आईबापांना समजावून घेऊन यायचे. धान्यासाठी मुष्टिफंडाची कल्पना काढली होती. घरोघरच्या बायकांनी मूठमूठ धान्य बाजूला काढायचं आणि ते बोर्डिंगला द्यायचं. कल्पना किती साधी, आणि ती उभी होती बायकांच्या मुठीवर. पण मूठमूठ धान्य येणार कधी, त्याचा नेम नाही. वाढत्या वयाच्या पोरांची भूक मात्र दिवसातून दोनदा ठरलेली. ज्यांच्या घरी दोन वयात आलेले मुलगे आहेत त्यांना मी काही वेगळं सांगायला नको. भाकरीची चळत डोळ्यादेखत नाहीशी होते. वहिनींपुढे तशी कितीतरी मुलं होती, आणि त्यातलं पोटचं म्हणावं तर थोडकं.

त्या मुलांचं ताट-वाटी, आजारपण, रडणं, घरच्या आठवणीनं न जेवणं, सगळं त्यांनी बघितलं. ज्या हातांना लहानपणी कुणाची सावली चालत नव्हती त्याच हातांनी सगळ्या जातींच्या मुलांना वाढलं. हे एका दिवसात झालं असेल असं मला वाटत नाही. नवऱ्यानं ठरवलं म्हणून बाईचं मन लगेच बदलत नसतं. ते बदलतं समोर बसलेल्या पोराकडे बघून. तापानं फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवताना जात आठवत नाही, हे कुठल्याही आईला कळतं.

धान्य कमी पडलं की दागिना जायचा. आधी मोठे गेले, मग बारके. अण्णा पैशासाठी बाहेर फिरत आणि घरी किराणा भरायची वेळ आली की वहिनींचा डबा उघडायचा. असं करत करत एकदा वेळ आली, की अण्णा गावात नाहीत, पिठाचा डबा रिकामा, मुलं भुकेली आणि अंगावर राहिलंय फक्त मंगळसूत्र. वहिनींनी ते उतरवून दिलं आणि मुलांच्या जेवणाची सोय केली. साताऱ्याकडे ही गोष्ट अजून घराघरात सांगतात.

आता हे आपल्याला नुसतं गोष्ट म्हणून सांगता येतं, पण विचार करा. माझ्या सासूबाईंनी दवाखान्यात फोटो काढायच्या वेळी मंगळसूत्र काढायला नकार दिला होता. नर्सबाईंनी अर्धा तास समजूत घातली, शेवटी गळ्यात काळा दोरा बांधला तेव्हा कुठे तयार झाल्या. आणि ही आमच्याच काळातली बाई. १९२०-३० च्या दशकात, पाटलाच्या घरातल्या सवाष्णीनं, नवरा जिवंत असताना, दुसऱ्यांच्या मुलांना भाकरी मिळावी म्हणून गळा मोकळा केला. शेजारपाजारच्या बायका काय काय बोलल्या असतील, हळदीकुंकवाला कुणी कसं बघितलं असेल, त्याचा हिशेब भाषणात कधी येत नाही.

मला एक गोष्ट मोकळेपणानं सांगायची आहे. वहिनींचा त्याग थोर, यात शंका नाही. पण दरवर्षी त्याला टाळ्या वाजवताना मला थोडी लाजही वाटते. संस्था समाजाची, मुलं समाजाची, आणि रिकामा झाला तो एका बाईचा डबा. सातारा शहरात पैसेवाले तेव्हाही होते. त्यांनी वेळेवर पोती पाठवली असती तर ते मंगळसूत्र गळ्यातच राहिलं असतं. त्यागाची गोष्ट ऐकताना ज्यांनी काहीच दिलं नाही त्यांचीही आठवण ठेवावी, असं मला वाटतं.

३० मार्च १९३० ला वहिनी गेल्या. म्हातारपण त्यांना बघायला मिळालंच नाही. साताऱ्यात बोर्डिंग सुरू होऊन अजून सहाच वर्षं झाली होती. मुलं आई गेल्यासारखी रडली म्हणतात, आणि ते खरंच असणार.

पुढचं वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं, कारण जे काही मोठं झालं ते त्यांच्यामागे. १९३५ ला साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज निघालं. १९४० ला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, तिथे मुलांनी कष्ट करायचे आणि शिकायचं, फी नाही. मुलांनी माती वाहिली, शेती केली, भिंती बांधल्या. १९४२ ला स्त्रियांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघालं. खेड्यातली बाई मास्तरीण व्हायला लागली ती तिथून. १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ ला कराडचं आमचं कॉलेज. गांधीजींच्या खुनानंतर अण्णांनी त्यांच्या नावानं एकशे एक हायस्कुलं काढायचा निश्चय केला. त्याच सुमारास सरकारवर टीका केली म्हणून संस्थेचं अनुदान बंद झालं, तेव्हा गाडगेबाबा मदतीला धावले. ९ मे १९५९ ला अण्णा गेले. त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं होतं, पुणे विद्यापीठानं डी.लिट.ही दिली होती. मॅट्रिक न झालेल्या माणसाला! शाहू बोर्डिंगातलाच एक मुलगा, बॅरिस्टर पी. जी. पाटील, पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. आज रयतची चारशेच्या वर हायस्कुलं आणि चाळीसच्या वर कॉलेजं आहेत. सोलापूरला मुलींचं एक कॉलेज वहिनींच्या नावानं आहे.

व्याख्यात्या बाईंनी आम्हाला मुदत घालायला सांगितली होती. वहिनींच्या इच्छेला मुदत घालायची तर ती त्यांच्या आयुष्याच्या पलीकडे पडली असती. त्यांनी आरशात स्वतःला बघून काही मागितल्याचं दिसत नाही. त्यांच्यासमोर पंगतीला बसलेली मुलं होती, आणि आज रात्री ही मुलं उपाशी झोपणार नाहीत, एवढंच त्यांनी रोज नव्यानं मनात धरलं. शाळा, कॉलेजं, कुलगुरू हे सगळं त्या एका रोजच्या गोष्टीतून उगवलं. मनात आणलं की होतं, हे मलाही पटतं. फक्त मनात कोण बसलंय, आपणच की आणखी कुणी, त्यावर बरंच ठरत असावं.

रिक्षातल्या त्या दिवशी मी हे गटातल्या बायकांना सांगितलं. पाटल्यावाली शेजारीण जरा वेळ गप्प बसली, मग तिनं वेगळंच काढलं. डोंगराकडच्या वाड्यांवरून काही मुली पहाटेच्या एस.टी.नं आमच्या गावी अकरावी-बारावीला येतात. कॉलेज दुपारी सुटतं, तोवर पोटात चहा आणि बिस्किटाशिवाय काही नसतं. दोघी-तिघींना स्टँडवर चक्कर आलेली तिनं स्वतः बघितली होती. त्यांच्यासाठी आठवड्यातून निदान तीन दिवस भाकरी-भाजी देता येईल का, असं तिनं विचारलं.

गटाच्या पुढच्या मीटिंगमध्ये यावर चांगलं तासभर भांडण झालं. खर्च कोण करणार, पहाटे उठणार कोण, एकीनं सुरू करायचं आणि बाकीच्यांनी कौतुक करायचं असं होणार का. मी एकच हट्ट धरला, की कुणा एकीवर हे पडता कामा नये आणि कुणाच्या दागिन्याला हात लागता कामा नये. शेवटी पाळ्या लावल्या. प्रत्येक घरातून आठवड्याला दोन किलो ज्वारी, तेल-तिखटाला दहा-दहा रुपये, आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार दोघी-दोघींनी रांधायचं. नवऱ्यांनी डबे स्टँडवर पोचवायचे, हेही वहीत लिहून घेतलं, सह्यांसकट.

पहिल्या मंगळवारी पाळी माझी आणि शेजारणीची होती. दहा मुली येतील असं धरून रांधलं, आल्या चौदा. पिठलं पुरलं नाही, शेवटच्या चौघींना भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी दिली. पाटल्यांचा कागद तिच्या आरशाला अजून आहे, मी बघून आले. दिवाळी होऊन गेली, म्हणून तिनं मुदत खोडून पुढच्या वर्षीची घातलीय. आणि खाली बारीक अक्षरात ज्वारीचा हिशेब लिहिलाय.