पित्तनलिकेची जखम आणि एक पंतप्रधान

ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन म्हटले की १९५६ चे सुएझ प्रकरण आठवते. शल्यचिकित्सकांना मात्र ते आठवतात रुग्ण म्हणून.

१८९७ साली जन्मलेले ईडन पहिल्या महायुद्धात लढले, ३८ व्या वर्षी परराष्ट्रमंत्री झाले आणि पुढे चर्चिल यांचे वारसदार मानले गेले. पोटदुखीचा त्रास होता. निदान झाले पित्ताशयातील खड्यांचे. १२ एप्रिल १९५३ रोजी लंडनमध्ये त्यांचे पित्ताशय काढण्यात आले. त्या वेळी यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नलिकेलाच इजा झाली. १७ दिवसांनी दुसरी शस्त्रक्रिया झाली, पण दुखणे सुटले नाही.

अशा नलिकांच्या दुरुस्तीतले नामांकित अमेरिकी शल्यचिकित्सक रिचर्ड कॅटेल सुदैवाने तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी ईडन यांना बोस्टनला येण्याचा सल्ला दिला. उपचार मायदेशीच व्हावेत, असे चर्चिल यांना वाटत होते. तरीही ईडन गेले. जूनमध्ये कॅटेल यांनी त्यांची पित्तनलिका आतड्याला जोडली. ईडन सावरले, १९५५ मध्ये पंतप्रधानही झाले.

मात्र असा जोड पुढे अरुंद झाला, तर पित्त तुंबते आणि जंतुसंसर्ग होतो. ऑक्टोबर १९५६ मध्ये, सुएझचा पेच ऐन भरात असताना, ईडन यांना जबरदस्त ताप चढला. आजाराचा त्यांच्या निर्णयांवर किती परिणाम झाला, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. जानेवारी १९५७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी राजीनामा दिला. बोस्टनला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९७७ मध्ये, ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज दुर्बिणीने होणारी ही शस्त्रक्रिया बहुतेकांना सुखरूप पार पडते. त्रास न देणारे खडे सहसा काढावेही लागत नाहीत. पण वारंवार कळा येत असतील, तर चालढकल नको. सूज वाढली की शस्त्रक्रिया अवघड होते. थंडी-ताप, कावीळ आणि उजव्या कुशीत वेदना एकत्र दिसल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेनंतर कावीळ झाली किंवा पोटदुखी वाढत गेली, तर वाट पाहत बसू नये. नलिकेला इजा झालीच, तर पहिली दुरुस्तीच अनुभवी हातांनी व्हायला हवी. तुमचे डॉक्टर मोठ्या केंद्राकडे चिठ्ठी देत असतील, तर तो उपचाराचाच भाग समजा.