विश्लेषण : गरोदरपणातल्या फॉलिक ॲसिडच्या गोळीचे मुंबई कनेक्शन काय? कोण होत्या लूसी विल्स?

गरोदर महिलांना आज सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी सहज मिळते. शंभरएक वर्षांपूर्वी मुंबईत मात्र गरोदरपणातल्या तीव्र रक्तक्षयाने महिला दगावत होत्या आणि कारण सापडत नव्हते. ते शोधण्यासाठी १९२८ मध्ये डॉ. लूसी विल्स मुंबईत आल्या.

१० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ जन्मलेल्या विल्स यांनी केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचे शिक्षण घेतले. केंब्रिज तेव्हा महिलांना पदवीच देत नसे! पुढे १९२० मध्ये त्या लंडनमध्ये डॉक्टर झाल्या.

नेमके काय बिघडत होते?

तांबडी पेशी अस्थिमज्जेत घडते. सुरुवातीला तिच्यात केंद्रक असते, सूक्ष्मनलिकांचा सांगाडा असतो. परिपक्व होताना ती केंद्रक बाहेर टाकते, सूक्ष्मनलिकाही नाहीशा होतात. उरते ती आवरणाला आतून चिकटलेली स्पेक्ट्रिन आणि ॲक्टिन या प्रथिनांची लवचिक जाळी. तिच्यामुळेच ७ ते ८ मायक्रॉनची ही चकती रक्तप्रवाहाच्या रेट्याने अरुंद केशवाहिनीतून दुमडून पार होते आणि साधारण १२० दिवस टिकते.

या महिलांमध्ये गाडी मध्येच अडकत होती. डीएनए पुरेसे तयार होत नसल्याने पेशी विभागत नव्हती, नुसती मोठी होत होती. अशा बऱ्याच पेशी मज्जेतच मरतात. अर्थात हा उलगडा नंतरचा. विल्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होत्या त्या फक्त मोठाल्या पेशी.

मार्माइट कुठून आले?

परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्यांनी या महिलांचा आहार तपासला. गरीब घरांत भाज्या, फळे, दूध जेमतेमच. तसाच आहार देऊन त्यांनी आधी उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग केले. आजारी माकड मार्माइटने बरे झाले. मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचा अर्क, इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात. इतका स्वस्त पदार्थ! महिलांनाही तो लागू पडला. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. दुसऱ्या प्रकारच्या रक्तक्षयावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क इथे निरुपयोगी ठरला. म्हणजे हा घटक वेगळाच होता. त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हटले गेले.

१९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा झाला आणि फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडरली कंपनीत, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तो प्रयोगशाळेत बनवला. विल्स यांचे १९६४ मध्ये निधन झाले. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील बरेचसे दोष टळतात, हे ब्रिटिश संशोधकांच्या चाचणीने सिद्ध झाले ते १९९१ मध्ये.