डेनिस रिची : 'सी'चा मितभाषी जनक

ज्यांचे काम घरोघरी पोचले, पण नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही, अशा संगणकतज्ज्ञांमध्ये डेनिस रिची यांचे स्थान वरचे आहे. न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे ९ सप्टेंबर १९४१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील ॲलिस्टर रिची हे बेल लॅबोरेटरीजमध्ये शास्त्रज्ञ होते. हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकून रिची उपयोजित गणिताकडे वळले. १९६७ मध्ये तेही वडिलांच्याच संस्थेत रुजू झाले. पुढच्या वर्षी पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला. परंतु त्याची बांधीव प्रत त्यांनी जमा केली नाही आणि पदवी कधीच मिळाली नाही.

१९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजने 'मल्टिक्स' या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्यानंतर केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर 'युनिक्स' ही कार्यप्रणाली उभी केली. रिची त्यांचे निकटचे सहकारी होते. १९७१ ते १९७३ या काळात रिची यांनी 'सी' ही भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा त्याच भाषेत नव्याने लिहिला गेला.

युनिक्समध्ये चालू असलेला प्रोग्राम, म्हणजे प्रोसेस, 'फोर्क' या आज्ञेने आपलीच प्रत निर्माण करते. मूळची ती पालक, नवी ती अपत्य. दोघांमधील संवादासाठी 'पाईप' असतो. ही कल्पना डग मॅकिलरॉय यांची. १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ती प्रत्यक्षात आणली. पाईप रिकामा असेल, तर वाचणारे अपत्य थांबते. थांबलेले असताना ते प्रोसेसरचा वेळ खात नाही, ही त्यातली काटकसर.

सापळाही येथेच आहे. फोर्क होताच पाईपची दोन्ही टोके अपत्याकडेही जातात. लिहिण्याचे टोक कोणाकडेही उघडे असेपर्यंत माहिती संपल्याचे वाचणाऱ्याला कळत नाही. अपत्याने स्वतःकडचे ते टोक मिटले नाही, तर ते कधीच न येणाऱ्या मजकुराची वाट पाहत राहते आणि पालक 'वेट'मध्ये अपत्य संपण्याची. दोघेही अडकतात. म्हणून नको असलेले टोक लगेच बंद करावे आणि पालकाने लिहून होताच आपलेही टोक मिटून मगच वाट पाहावी. मजकूर येईलच याची खात्री नसेल, तर १९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये आलेल्या 'सिलेक्ट'ने वाट पाहण्याला मुदत घालता येते. रिची यांची भाषा यातले काहीच आपणहून करत नाही. ती प्रोग्रामरवर विश्वास टाकते आणि जबाबदारीही त्याच्यावरच सोपवते.

ब्रायन कर्निघन यांच्यासह लिहिलेले त्यांचे 'सी'वरील पुस्तक १९७८ मध्ये आले आणि जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडले. १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासह त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील राहत्या घरी ते मृतावस्थेत आढळले. आठवडाभर आधीच स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले होते. त्या शोककल्लोळात रिची यांच्या जाण्याची बातमी बहुतेकांपर्यंत पोचलीच नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. लायगोच्या नोंदींचे विश्लेषण करणारा मूलभूत प्रोग्रामसंच मुख्यत्वे 'सी'मध्येच लिहिलेला आहे. मराठवाड्यातला जो विद्यार्थी उद्या तेथे काम करू इच्छितो, त्याला रिची यांची भाषा आणि तिची शिस्त आजच शिकावी लागेल.