जेसी ओवेन्सने कॉलेज कसं निवडलं?

राज्यस्तरावर खेळलेल्या मुलामुलींची बारावीनंतर एक वेगळीच पंचाईत होते. मार्कांवर एक कॉलेज मिळतं, खेळाच्या सर्टिफिकेटवर दुसरं. धड मैदान तिसऱ्याच कॉलेजकडे असतं आणि घरातून बसने जाता येईल असं चौथंच. त्यात नक्की काय शिकायचंय, हेच ठरलेलं नसतं. घरचे विचारतात, सर विचारतात, शेजारचे काकाही विचारतात. आपण आपलं 'बघू' म्हणतो.

१९३३ च्या उन्हाळ्यात क्लीव्हलँडमधला एक १९ वर्षांचा मुलगा असाच 'बघू' म्हणत होता. फरक इतकाच, की त्याच्या मागे कॉलेजं लागली होती.

जेम्स क्लीव्हलँड ओवेन्सचा जन्म १२ सप्टेंबर १९१३ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातल्या ओकव्हिलचा. घरी खाणारी तोंडं बरीच, बाप दुसऱ्याची शेती वाट्याने कसणारा. जेसी नऊ वर्षांचा असताना हे कृष्णवर्णीय कुटुंब पोटापाण्यासाठी उत्तरेला क्लीव्हलँडला आलं. शाळेत नाव विचारल्यावर त्याने 'जे. सी.' असं आपलं लाडकं नाव सांगितलं. बाईंनी ते 'जेसी' असं ऐकलं, आणि पुढे तेच जगाच्या तोंडी बसलं.

शाळा सुटल्यावर हा मुलगा पोटासाठी कामं करायचा, त्यामुळे संध्याकाळी सरावाला वेळच नसायचा. चार्ल्स रायली नावाच्या कोचने त्यावर साधा उपाय काढला, सराव शाळा भरण्याआधी घ्यायचा. पुढे ईस्ट टेक्निकल हायस्कूलमध्ये शेवटच्या वर्षी, शिकागोच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत, ओवेन्सने १०० यार्डांचं अंतर ९.४ सेकंदांत तोडलं. म्हणजे शाळकरी पोराने थेट जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. मग काय, एकामागून एक कॉलेजांचे निरोप यायला लागले.

वरवर पाहता ही चैनच. पण त्याच्या जागी बसून बघा. महामंदीचा काळ, पोलाद कारखान्यांतलं काम आटलेलं, वडिलांच्या कमाईचा भरवसा नाही. प्रेयसी रूथ सॉलोमनपासून झालेली मुलगी ग्लोरिया वर्षाचीही नव्हती. शाळा तंत्रशिक्षणाची होती, म्हणजे कॉलेजच्या अभ्यासाचा पाया कच्चा. आणि अॅथलीट्ससाठी आजच्यासारखी सरसकट स्कॉलरशिप तेव्हा नव्हतीच. निरोप कितीही आले तरी फी आणि जेवण कुठून येणार, हा प्रश्न उरतच होता.

शेजारच्या राज्यातल्या मिशिगन विद्यापीठाचं नाव जोरात होतं. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १०० आणि २०० मीटर जिंकलेला कृष्णवर्णीय धावपटू एडी टोलन तिथलाच. दुसरीकडे होतं कोलंबसचं ओहायो स्टेट. आपल्याच राज्यात, घरापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पण कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांना ते मुळीच पसंत नव्हतं. याच विद्यापीठाने एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला गृहविज्ञानाच्या विद्यार्थी-निवासात गोऱ्या मुलींसोबत राहू दिलं नव्हतं, आणि १९३३ मध्येच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला होता. अशा ठिकाणी आपला सर्वांत वेगवान मुलगा जाऊन त्यांची शान का वाढवणार, असा त्यांचा रास्त सवाल होता.

ओवेन्स ओहायो स्टेटलाच गेला. वडिलांना कामाची हमी मिळाली, त्याच्यासाठीही नोकरीची सोय झाली. ईस्ट टेकचाच उंच उडी मारणारा मित्र डेव्ह अल्ब्रिटन सोबत होता. नुसत्या तत्त्वाने बघितलं तर हा निर्णय खटकतो, मलाही खटकतो. पण ज्याच्या घरात चूल पेटण्याची खात्री नाही, त्याची कॉलेजची यादी अशीच आखूड होत जाते. कितीही निरोप आले असले तरी त्याला परवडणारी नावं थोडीच होती.

त्याची किंमत त्याला रोज मोजावी लागली. मुलांच्या हॉस्टेलमध्ये कृष्णवर्णीयांना जागा नव्हती, म्हणून तो इतर कृष्णवर्णीय खेळाडूंबरोबर बाहेर खोलीवर राहिला. टीमबरोबर दौऱ्यावर गेलं की गोरे सहकारी हॉटेलात जेवायचे आणि याला पार्सल घ्यावं लागायचं. स्कॉलरशिप नव्हती. राज्याच्या सरकारी इमारतीत माल चढवायच्या लिफ्टवर नोकरी, शिवाय पेट्रोल भरणं, टेबलं पुसणं, लायब्ररीत पुस्तकं लावणं. पहिल्या वर्षाच्या मुलांना विद्यापीठाच्या मुख्य संघातून उतरता येत नसे, हा त्या काळचा नियम. म्हणजे ज्याच्यासाठी बोलावलं तेच एक वर्ष बंद.

मिळालं काय? लॅरी स्नायडर नावाचा कोच. त्याने ओवेन्सची सुरुवात घासूनपुसून घेतली, लांब उडीतली हवेतली हालचाल सुधारली. २५ मे १९३५ ला बिग टेन विद्यापीठांच्या स्पर्धेत पाठदुखीने बेजार असलेल्या ओवेन्सने सुमारे ४५ मिनिटांत तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली. त्यातली ८.१३ मीटरची लांब उडी २५ वर्षं कुणाला ओलांडता आली नाही. गंमत म्हणजे हे घडलं अॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठाच्याच मैदानावर!

आता त्या यादीतलं जे राहून गेलं ते. अभ्यासात मदत कोण करणार, हे कुणी विचारलंच नव्हतं. नोकरी, सराव, दौरे यांत वर्गाला उरायचा तेवढाच वेळ. मार्क घसरत गेले आणि १९३६ च्या हिवाळ्यात त्यापायी इनडोअर हंगाम हुकला. ऑगस्टमध्ये बर्लिनला हिटलरच्या डोळ्यांदेखत चार सुवर्णपदकं आली, ती सगळ्यांना पाठ आहेत. त्यानंतरचं फारसं सांगितलं जात नाही. स्पर्धेनंतर युरोपभर पैसे न घेता पळत राहण्याचा दौरा अर्धवट सोडून तो परतला, कारण घरी जाहिरातींच्या आणि कार्यक्रमांच्या ऑफर असल्याचं कानावर आलं होतं. अमेरिकेच्या हौशी अॅथलेटिक संघटनेने त्याला निलंबित केलं. बहुतेक ऑफर हवेत विरल्या. आता विद्यापीठासाठी पळता येत नव्हतं आणि पदवीही हातात नव्हती. डिसेंबरमध्ये हवानाला तो एका घोड्याविरुद्ध पैशासाठी पळाला. ड्रायक्लीनिंगचा धंदा काढला, तो बुडाला, १९३९ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली.

१९४० मध्ये, २७ व्या वर्षी, बायको आणि तीन मुली असलेला ऑलिंपिक विजेता पदवी पुरी करायला पुन्हा ओहायो स्टेटमध्ये दाखल झाला. सोबत स्नायडरच्या हाताखाली कोचिंगचं काम. वर्गातली पोरं त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. मार्क तरीही पुरेसे पडले नाहीत आणि १९४१ च्या अखेरीस त्याने नाद सोडला.

पुढे दिवस पालटले. सरकारचा सदिच्छा दूत म्हणून तो देशोदेशी फिरला, १९५५ मध्ये भारतातही येऊन गेला. १९७२ मध्ये ओहायो स्टेटने त्याला मानद डॉक्टरेट दिली. ३१ मार्च १९८० ला फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला.

त्याची मुलगी मार्लीन कॉलेजला गेली ती ओहायो स्टेटलाच. १९६० मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी तिला होमकमिंग क्वीन म्हणून निवडलं. त्या विद्यापीठात हा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय मुलगी.