आंदणाची राणी

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे वाक्य आपण प्राथमिक शाळेतच पाठ केले. पण जिच्या लग्नात हे आंदण दिले गेले, त्या मुलीविषयी आपल्याला फारसे ठाऊक नसते.

कॅथरिन ब्रॅगान्झा हिचा जन्म २५ नोव्हेंबर १६३८ रोजी पोर्तुगालमधील व्हिला विसोझा येथे झाला. ती दोन वर्षांची असताना पोर्तुगालने स्पेनचे जोखड झुगारून दिले व तिचे वडील चौथा जॉन या नावाने गादीवर बसले. गादी मिळाली, स्वस्थता मात्र लाभली नाही. शेजारी स्पेन टपलेला, तर पूर्वेकडे डच एकेक ठाणे गिळंकृत करीत होते. अशा राज्याला बलाढ्य सोयरा हवा होता. वडिलांच्या मागे आई लुईझाने तो इंग्लंडात शोधला.

इंग्रजांचा मुंबईवर आधीपासून डोळा होता. हे बंदर पोर्तुगिजांकडून विकत घ्यावे, असे सुरतेच्या वखारीने १६५२ मध्येच सुचविले होते. १६५४ मध्ये कंपनीने ती गोष्ट क्रॉमवेलच्याही कानावर घातली. म्हणजे खरेदीचा बेत आधीचा आणि लग्न नंतरचे! २३ जून १६६१ च्या तहाने टँजियर, मुंबई आणि वीस लाख क्रुझादो एवढा हुंडा ठरला. मोबदल्यात इंग्लंडने पोर्तुगालचे रक्षण करायचे. नाव विवाहाच्या तहाचे, पण मला तरी हे खरेदीखतच वाटते. घेणाऱ्याला माल तरी नीट ठाऊक होता काय? इंग्लंडचा मुख्य मंत्री क्लॅरेंडन याने मुंबई ब्राझीलजवळ असल्याचे लिहून ठेवले आहे.

रोकड पुरेशी जमेना, तेव्हा लुईझाने हुंड्याचा काही भाग साखर व मसाल्यांच्या रूपाने जहाजांवर चढविला. २१ मे १६६२ रोजी पोर्टस्मथ येथे तेवीस वर्षांच्या कॅथरिनचा दुसऱ्या चार्ल्सशी विवाह झाला. त्याच वर्षी या जावईबापूंनी डंकर्क शहर फ्रान्सच्या राजाला विकून टाकले.

मुंबईचा ताबा मात्र सहजासहजी मिळाला नाही. सर अब्राहम शिपमन सैन्य घेऊन आला, पण पोर्तुगीज व्हाइसरॉयने बेट देण्याचे नाकारले. वाट पाहता पाहता शिपमन व त्याचे बहुतेक शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मरण पावले. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी त्याचा चिटणीस हंफ्रे कुक याने अटी मान्य करून ताबा घेतला. त्यांतली एक अट वाचण्यासारखी आहे. पोर्तुगीज मुलखातील गावांतून कुणबी, भंडारी वगैरे मंडळी मुंबईत आली, तर त्यांना ठेवून न घेता परत स्वाधीन करावे, अशी ती होती. हरवलेल्या गुरांविषयी जशी बोली करावी, तशी ही माणसांविषयी! कॅथलिक रहिवाशांना धर्मपालनाची मुभा मूळ तहात होती, हे खरे. पण कोणत्या राज्यात राहायचे, हे कोणालाच विचारले नाही. वरळीच्या टोकाला होड्या ओढणाऱ्या कोळ्यांना आपला राजा बदलल्याचे कधी कळले असेल?

विचारले तर कॅथरिनलाही कोणी नव्हते. लंडनमध्ये तिला नवऱ्याच्या रखेलीलाच आपल्या सेवेत ठेवून घ्यावे लागले. मूल झाले नाही. कॅथलिक म्हणून लोकांचा संशय तर कायमचाच. १६७८ मध्ये राजाला विष घालण्याच्या कटाचा आरोप तिच्यावर आला. तेव्हा चार्ल्स तिच्या पाठीशी उभा राहिला, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. इंग्लंडच्या दरबारात चहाची आवड तिच्यामुळे रुजली.

आंदणाचे काय झाले? १६६८ मध्ये राजाने मुंबई वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीला देऊन टाकली. टँजियर खर्च झेपेना म्हणून १६८४ मध्ये सोडून दिले.

१६८५ मध्ये चार्ल्स वारला. १६९२ मध्ये कॅथरिनने इंग्लंड सोडले व ती मायदेशी परतली. भावाच्या आजारपणात तिने पोर्तुगालचा राज्यकारभार पाहिला आणि तो समर्थपणे पाहिला. ज्या बाईला तहात हुंड्यासोबत मोजले गेले होते, ती आता स्वतः राज्याचे निर्णय घेत होती. ३१ डिसेंबर १७०५ रोजी लिस्बन येथे तिचा अंत झाला. तिने मुंबई कधीच पाहिली नव्हती.