दरवाजे काढलेला ट्रक

या टर्मला आमच्या हॉबी क्लबमध्ये वॉरगेमची तयारी चालू आहे. टेबलावर वाळवंट मांडायचे, १:७२ प्रमाणातल्या गाड्या आणि सैनिक ठेवायचे, फासे टाकायचे आणि फूटपट्टीने अंतर मोजून लढाई खेळायची. माझ्या वाट्याला दुसऱ्या महायुद्धातल्या साध्या लष्करी ट्रकचे किट आले. त्याचा मला उत्तर आफ्रिकेतल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपचा ट्रक करायचा होता. मी त्याला मशीनगन, पेट्रोलचे डबे, गुंडाळलेली ताडपत्री असे मिळेल ते चिकटवले. ट्रक रुबाबदार दिसत होता, पण चुकीचा होता. का, ते हा ग्रुप उभा करणारे राल्फ बॅगनॉल्ड यांची माहिती वाचल्यावर कळले.

बॅगनॉल्ड यांचा जन्म ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमध्ये डेव्हनपोर्ट येथे झाला. वडील सैन्यात अभियंता अधिकारी होते. वूलिचच्या लष्करी अकादमीतून १९१५ साली ते रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल झाले आणि पहिल्या महायुद्धात लढले. युद्धानंतर त्यांनी केंब्रिजला अभियांत्रिकी शिकून घेतली व नंतर ते सिग्नल्समध्ये गेले. १९२६ साली त्यांची नेमणूक इजिप्तमध्ये झाली. पुढे काही काळ ते आपल्याकडे वायव्य सरहद्दीवरही होते.

इजिप्तमध्ये त्यांना वाळवंटाचे वेड लागले. सुट्टी मिळाली की ते मित्रांना घेऊन फोर्ड गाड्यांतून वाळवंटात जात. खर्च स्वतःचा, गाड्या साध्या. गाडी वाळूत रुतली की नवे काही शिकायला मिळे. टायरमधली हवा कमी केली की मऊ वाळूत चाक कमी रुतते. रुतलेच तर चाकापुढे लांब पोलादी पन्हळी पट्ट्या टाकायच्या. लोखंडी गाडीत चुंबकी होकायंत्र फसते, म्हणून त्यांनी सावलीवरून दिशा सांगणारे सूर्य-होकायंत्र तयार केले. रेडिएटरमधले पाणी उकळून वाफ होते आणि वाळवंटात तर थेंबही वाया घालवता येत नाही. म्हणून त्यांनी ती वाफ नळीने एका डब्यातल्या पाण्यात सोडली. इंजिन गार झाले की ते पाणी आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढले जाई.

१९३५ साली ते सैन्यातून निवृत्त झाले आणि वाऱ्याने वाळू कशी उडते याचा अभ्यास करू लागले. १९३९ साली युद्ध सुरू झाल्यावर त्यांना परत बोलावण्यात आले. त्यांना पूर्व आफ्रिकेत जायचे होते, पण भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजाची टक्कर झाली आणि ते इजिप्तमध्ये उतरले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. बॅगनॉल्ड यांनी जनरल वेव्हेल यांच्यापुढे योजना मांडली : वाळवंटात शेकडो मैल आत जाऊन शत्रूवर नजर ठेवणारी छोटी पथके. वेव्हेल यांनी मंजुरी दिली आणि तयारीला फक्त सहा आठवडे मिळाले.

सहा आठवडे पुरले, कारण खरी तयारी त्या सुट्ट्यांमध्ये झाली होती. दीड टनी शेव्हर्ले ट्रक घेतले आणि आधी काय काढायचे ते ठरवले. दरवाजे, केबिनचे छप्पर, समोरची काच, सगळे गेले. मग स्प्रिंगच्या पाट्या वाढवल्या, वाफेचा डबा, पन्हळी पट्ट्या, सूर्य-होकायंत्र आणि मशीनगन बसवल्या. वाचलेल्या वजनाच्या जागी पाणी आणि पेट्रोल चढले. पहिले जवान बहुतेक न्यूझीलंडचे होते. पुढे भारतीय घोडदळातल्या जवानांचे इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनही या ग्रुपबरोबर काम करत होते.

छप्पर गेले म्हणजे सावली गेली, आणि आडोसाही. ट्रक हेच त्या माणसांचे घर आणि परतीचा एकमेव रस्ता होता. जानेवारी १९४१ मध्ये एका पथकावर हल्ला झाला. त्यातले चौघे जण थोड्याशा पाण्यावर वाळवंटातून चालत निघाले आणि दहा दिवस चालत राहिले. हे वाचल्यावर माझ्या ट्रकवरची ताडपत्री आणि डबे मला नुसती सजावट वाटू लागले.

बॅगनॉल्ड यांनी १९४१ साली ग्रुपचे नेतृत्व दुसऱ्याकडे सोपवले. त्याच वर्षी वाळूवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९४४ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २८ मे १९९० रोजी त्यांचे निधन झाले. मंगळावर क्युरिऑसिटी यानाने पाहिलेल्या वाळूच्या टेकड्यांना आज त्यांचेच नाव आहे.

मी माझा ट्रक पुन्हा सुरू केला. ब्लेडने दरवाजे आणि छप्पर कापून कडा बारीक पॉलिश पेपरने घासल्या. किटच्या चौकटीचा उरलेला प्लॅस्टिकचा तुकडा मेणबत्तीवर गरम करून ओढला, त्याची बारीक नळी झाली. ती रेडिएटरपासून वाफेच्या डब्यापर्यंत नेली. पन्हळी पट्ट्या बिस्किटांच्या खोक्यातल्या पन्हळी कागदाच्या केल्या. खेळताना बंदुकीची नळी हाताळून मोडते, म्हणून तिथे टाचणी लावली. आमच्या नियमात मऊ वाळूत साधा ट्रक निम्मेच अंतर जातो आणि पट्ट्या असलेला पूर्ण जातो. मात्र गोळीबारात माझ्या ड्रायव्हरला आडोशाचा गुण मिळत नाही. हा नियम मीच सुचवला. पहिल्याच खेळात माझा ट्रक सर्वांत पुढे पोहोचला आणि सर्वांत आधी बादही झाला.