पवनारची शिळा

रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे लोक त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागले.

त्यांचे आजोबा शंभूराव मोठे भाविक होते. गणेशचतुर्थी आली, की ते मुलांना चंदन उगाळावयास लावीत आणि त्या चंदनाची गणेशमूर्ती स्वतः घडवीत. तिची यथासांग पूजा होई. आणि उत्सव संपताच, इतक्या कष्टाने घडविलेली ती मूर्ती पाण्यात विसर्जित होई. बालविनायकाला याचे फार वाईट वाटे. मूर्ती घडवावी, तिच्यावर प्रेम करावे आणि वेळ येताच तिचा मोह सोडावा, यातील मर्म त्यांना पुढे उमगले.

१९१६ मध्ये विनोबांनी घर सोडले. आईच्या इच्छेला स्मरून त्यांनी गीता मराठीत आणली, तीच ‘गीताई’. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांत राम-भरत भेटीचा प्रसंग आला. एक वनात राहून तपस्वी झालेला, दुसरा अयोध्येजवळ राहून; यांतील राम कोणता व भरत कोणता, हे ओळखू येऊ नये, असे चित्र कोणा कुशल कलावंताने काढावे, ही कल्पना विनोबांनी तेथे मांडली.

१९३८ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे ते वर्ध्याजवळ धाम नदीकाठी पवनारला राहावयास आले. तेथे ते रोज जमीन खणीत. खणता खणता एक मोठी शिळा लागली. माती दूर सारून पाहतात, तो तिच्यावर राम-भरत भेट कोरलेली! कल्पनेतले चित्र कोणा अज्ञात शिल्पकाराने शतकानुशतकांपूर्वीच दगडात उतरविले होते. हे शिल्प वाकाटकांच्या काळातील मानले जाते. अशा कामात शिल्पकार आकृतीभोवतालचा दगड छिन्नीने टिपून काढतो. आकृती तेवढी वर राहते. एक घाव चुकला, तर तो भरून काढता येत नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनाही अशा शिळांवरून रामकथा कळे.

विनोबांनी ती शिळा ईश्वराची देणगी मानली आणि आश्रमात तिची स्थापना केली. मात्र ते स्वतः तिच्यापाशी बसून राहिले नाहीत. १९५१ मध्ये भूदानासाठी ते निघाले व वर्षानुवर्षे पायी देशभर हिंडले.

१९८० साली वर्ध्याच्या गोपुरीत गीताई मंदिर उभे राहिले. त्यास छत नाही, मूर्तीही नाही. उभ्या शिळांवर गीताईचे श्लोक कोरलेले आहेत. येथे कारागिरांनी अक्षरापुरताच दगड काढला आहे. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी पवनारलाच देह ठेवला.